अटॅचमेंटशिवाय गेलेले अकरा मेल

गेल्या जुलैत एका शनिवारी सकाळी सहा वाजता जव्हारमधल्या माझ्या अर्जकेंद्रातून अकरा मेल गेले. एकालाही अटॅचमेंट नव्हती.

मेल पाठवणारा पीएचपीचा प्रोग्राम मीच लिहिला होता. आधी मी बटण दाबून तो चालवत असे. पावसात दुपारनंतर नेट टिकत नाही, म्हणून त्या आठवड्यात टायमर लावला: दिवसभराचे अर्ज साठवायचे, सकाळी सहाला पाठवायचे.

साखरशेतची एक मुलगी आदल्या दिवशी आईबरोबर आली होती. नर्सिंगच्या प्रवेशाची शनिवारी शेवटची तारीख होती.

"आत्ताच दाबा ना, सर," आई म्हणाली. "भाताची आवणी टाकून आलोय."

"आये, ते आपोआप जातं," मुलगी म्हणाली. "मला मारतेस तशा दहा हाका माराव्या लागत नाहीत त्याला."

साखरशेतला रेंज नसते. शनिवारी मी पोच छापून एसटीच्या कंडक्टरकडे दिली. तिच्यावर 'पाठवला' असे होते.

मंगळवारी कॉलेजच्या कारकून बाईंचा फोन आला. "अर्ज आलाय. कागद कुठे आहेत?"

"आत्ता पाठवतो, मॅडम."

"आता काय उपयोग? यादी काल लागली."

प्रोग्राम उघडला. फायलींचा पत्ता मी अर्धा लिहिला होता: फोल्डर आणि फायलीचे नाव, पण सुरुवात कुठून करायची ते नाही. बटण दाबले की शोध माझ्या फोल्डरपासून सुरू होई. टायमरने चालवला की सर्व्हरवरच्या दुसऱ्याच फोल्डरपासून. तिथे फायली नव्हत्या. फाइल सापडली नाही तरी मेल थांबवू नये, ही ओळही माझीच. एकाच्या खराब स्कॅनपायी बाकीचे अडू नयेत म्हणून लिहिलेली.

उरलेल्या दहा अर्जांची मुदत बाकी होती. ते त्याच दिवशी पुन्हा पाठवले.

साखरशेतला कंडक्टरकडून निरोप धाडला; बुधवारी मायलेकी आल्या. आईने प्लास्टिकच्या पिशवीतून पोच काढून टेबलावर ठेवली.

"यावर पाठवला लिहिलंय."

"मेल गेला. कागद गेले नाहीत."

"मग काय गेलं?"

"तिचं नाव."

मुलीने पोच उचलली, घडी घातली आणि पुन्हा पिशवीत ठेवली. बारावीची गुणपत्रिका त्याच पिशवीत होती.

त्यांच्यासमोर मी पत्ता पहिल्या फोल्डरपासून पूर्ण लिहिला आणि बटण दाबले. तिचे चारही कागद जोडले गेले. वीस मिनिटांनी कॉलेजचे उत्तर आले. प्रवेशप्रक्रिया बंद झाली होती.