पायाला ऐकू येणारा आवाज

आमच्या ऑर्केस्ट्रातला बेस गिटारवाला आवाजांविषयी माणसांसारखं बोलायचा. "ह्यो लई उड्या मारतोय, ह्येला घरी पाठवू." गिटारचा आवाज हवा तसा बदलणारा प्रोसेसर घ्यायला आम्ही शाहूपुरीतल्या दुकानात गेलो, तेव्हा दुकानदारानं एकाहून एक झगमगीत आवाज ऐकवले. आमच्या बेसवाल्यानं चप्पल काढली आणि अनवाणी पाय स्पीकरखालच्या फळीवर ठेवला. "पावणं, जरा जाड आवाज लावा की." मला लाजल्यासारखं झालं.

प्रोसेसर घेतला, मग कित्येक दिवस तो त्याची बटणं फिरवत बसला. घुमारा काढून टाकला, थरथर काढून टाकली. उरला एकच बोजड आवाज.

"लेका, एवढी पेटी घेऊन रेड्याचं रेकणं ठेवलंस व्हय?" मी म्हणालो.

"तुझ्यासाठी न्हाय त्यो."

कुणासाठी, ते मुरगूडच्या कार्यक्रमात कळलं. आमच्या म्हाताऱ्या ढोलकीवाल्या काकांना ऐकू येईनासं झालं होतं. लय सुटायची, म्हणून आम्ही गुपचूप दुसरा माणूस शोधत होतो. त्या दिवशी यानं आपला स्पीकर उचलून काकांच्या खुर्चीपाशी, स्टेजच्या फळ्यांवर ठेवला आणि त्यांच्या पायांकडं बोट दाखवलं. "काका, बूट काढा की!"

पहिला सूर वाजला आणि काकांनी मान वर केली. आधी पायाचा अंगठा हलायला लागला, मग हात. गाणं रंगात आलं आणि नेमका मीच ड्रमवर लय चुकलो. ढोलकी न थांबवता काकांनी माझ्यावर डोळे वटारले, अगदी पूर्वीसारखे.