ब्रदरचा खाडा

ज्याची लग्नाची बायको त्याला ‘ब्रदर’ म्हणून हाक मारते असा नवरा अख्ख्या मराठवाड्यात एकच असेल, आणि तो लातुरात आमच्या भिंतीला भिंत लावून राहतो. दवाखान्यात बाई नर्सला सिस्टर आणि पुरुष नर्सला ब्रदर म्हणतात, हे मलाही ठाऊक आहे; पण हा हुद्दा आमच्या शेजाऱ्याच्या मागोमाग घरापर्यंत आला आणि घरातच मुक्कामाला राहिला. भाभी गच्चीवरून ओरडतात, “ब्रदर, दूध फट गया, दूसरा लेके आव!” आणि गल्लीतला नवा भाडेकरू चार दिवस बुचकळ्यात पडतो. उदगीरहून सासूबाई येतात, त्याही डोक्यावर पदर घेऊन विचारतात, “ब्रदर खाना खाए क्या?” मी त्यांचं खरं नाव एकदाच वाचलं, रेशन कार्डावर, आणि दुसऱ्या कुणाचं तरी कार्ड आपल्याकडे आलं म्हणून दुकानदाराला परत द्यायला निघालो होतो.

ब्रदर या धंद्यात आले ते भूकंपामुळे. वडिलांचं घड्याळं दुरुस्त करायचं दुकान होतं, तिथेच भिंग लावून बसायचे. भूकंपाच्या दिवशी सकाळी ते सगळ्यांसारखे दवाखान्यात नुसते बघायला गेले. खेड्यांतून ट्रक भरभरून जखमी येत होते आणि सलाईन टांगायला स्टँड उरले नव्हते. कुणीतरी त्यांच्या हातात बाटली दिली आणि म्हणालं, “वर धर.” आता खाली घे, असं सांगायला संध्याकाळपर्यंत कुणी आलंच नाही. तेव्हापासून त्यांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर वर आहे, असं माझं पक्कं मत आहे. पुढे त्यांनी नर्सिंगचा कोर्स केला आणि बोलायची तऱ्हाही तिथलीच उचलली. तुम्ही हात मिळवायला गेलात तर ते नाडी बघतात. वाईट बातमी द्यायची तर आधी म्हणणार, “सर, जरासं मुंगी चावल्यागत वाटंल हं,” आणि मग सांगणार की तुमच्या स्कूटरचं मागचं चाक बसलंय. माझा साडू वारला तेव्हाही हेच म्हणाले. मुंगीच्या नावाने मला अजून धडकी भरते.

आता त्यांच्या नोकरीचं. ब्रदर डोळ्यांच्या एका मोठ्या खाजगी दवाखान्यात पंधरा वर्षं होते, आणि पंधराही वर्षं हंगामी. तिथला नियम असा की साप्ताहिक सुट्टी सोडून सबंध वर्षात एकही खाडा न करणारा माणूस पर्मनंट होतो. एक दिवस चुकला की मोजणी पुन्हा एकपासून. आजारपणाची रजा होती, पण तिचा अर्ज आठ दिवस आधी द्यायचा! ब्रदर दरवर्षी नेटाने मोजायला लागायचे आणि दरवर्षी कुठेतरी माशी शिंकायची. एकदा तर त्यांनी लग्न साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी ठेवलं, आणि वरात दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत चालली. एकदा दहा महिने झाल्यावर अंगठ्याच्या मशीनने दगा दिला. रोज पन्नास वेळा हात धुऊन आणि स्पिरिट चोळून त्यांच्या अंगठ्यावरच्या रेषाच पुसून गेल्या होत्या. मशीन ओळखच दाखवीना. दिवसभर वॉर्डात राबलेला माणूस कागदावर गैरहजर! तेव्हापासून ते डाव्या अंगठ्याला रोज खोबरेल लावतात आणि त्याला घरातलं कसलंही काम सांगत नाहीत.

त्या वर्षी मात्र गाडी छान चालली होती. अकरा महिने आणि चोवीस दिवस. आणि नेमके आमच्या गल्लीत डोळे आले. आमची गल्ली म्हणजे निम्मी घरं आणि निम्मी होस्टेलं. डॉक्टर व्हायला निघालेली पोरं एकेका खोलीत सहा-सहा. मी त्यांना क्लासमध्ये बॉटनी शिकवतो. एकाचे डोळे आले की तीन दिवसांत सगळी बॅच लाल. त्यातला एक ब्रदरांकडे ड्रॉप टाकून घ्यायला गेला, आणि बुधवारी संध्याकाळी ब्रदर आमच्या फाटकाबाहेर दहा पावलांवर येऊन उभे राहिले. डोळे टोमॅटोसारखे.

“सर, जवळ येऊ नका. आले.”

माझा जीव कळवळला. अहो, पर्मनंटला सहा दिवस राहिलेले! मी म्हणालो, “ब्रदर, काही विचार करू नका. काळा गॉगल लावा आणि जा. क्लासमध्येही पोरं तशीच बसतात. कुणाला कळतंय?”

ते आणखी एक पाऊल मागे सरकले. मग म्हणाले, “सर, जरासं मुंगी चावल्यागत वाटंल.”

“बोला.”

“उद्या रेणापूरकडच्या कॅम्पचे बावीस पेशंट हायत, मोतीबिंदूचे. तेविसाव्या तुमच्या आई. ऑपरेशनच्या आधी सगळ्यांच्या डोळ्यांत ड्रॉप मीच टाकतो. हे बघितल्यानं न्हाई पसरत, सर. हातानं पसरतंय. ऑपरेशनच्या डोळ्यात गेलं तर डोळा जातोय.”

खोटं कशाला सांगू? मी तिथल्या तिथे पक्ष बदलला. “छे छे! अजिबात जाऊ नका. नोकरी काय, पुन्हा मिळेल!” बोलून गेलो आणि माझी मलाच लाज वाटली. ब्रदर मात्र हसले. म्हणाले, “काहीतरी तोड काढतो, सर.”

ती तोड मी दुसऱ्या दिवशी डोळ्यांनी पाहिली. आईला घेऊन दवाखान्यात पोचलो, तर ब्रदर नाकापर्यंत मफलर आणि वर भाभींचा गॉगल लावून मशीनपाशी. कोपराने दार ढकललं, अंगठा लावला, मशीन स्पिरिटने तीनदा पुसलं, आणि उलट पावली बाहेर येऊन गेटपलीकडच्या लिंबाखाली एकटेच जाऊन बसले. नियमात अंगठा दोनदा मागितलाय, सकाळी आणि संध्याकाळी. मधल्या वेळात माणूस कुठे हवा, ते लिहायचं राहून गेलं होतं!

पण बावीस म्हातारी माणसं रांगेत बसली आणि ब्रदर दिसेनात, तेव्हा मॅनेजरसाहेबांनी त्यांना बोलावून घेतलं. मी तिथेच आईचे कागद भरत होतो. साहेबांना कुणीतरी सांगून ठेवलं होतं की डोळे आलेल्या माणसाकडे बघितलं की आपलेही येतात. त्यामुळे त्यांनी तोंडापुढे फाइल धरली आणि भिंतीकडे वळून बोलायला सुरुवात केली.

“अर्ज आठ दिवस आधी दिला होता का?”

“साहेब, डोळे सांगून येत न्हाईत.”

“मग वॉर्डात जा. एवढ्याशा लालीनं काही होत नाही. माणूस कमी आहे. न गेलात तर खाडा.”

“लई धोका हाय, साहेब. म्हातारी माणसं हायत.”

“काही धोका नाही म्हणतो ना मी!” फाइल आणखी वर गेली.

ब्रदरांनी गॉगल काढला. ते मऊ आवाजात म्हणाले, “मग एकदा माझ्याकडं बघून सांगा, साहेब. लगेच जातो.”

फाइल काही खाली आली नाही. ब्रदर मिनिटभर थांबले, गॉगल परत चढवला आणि घरी गेले. सहा दिवसांपायी मोजलेलं सबंध वर्ष पाण्यात गेलं. मला तेव्हा काहीतरी बोलायला हवं होतं. मी आईचा फॉर्म भरत राहिलो, आणि वयाच्या रकान्यात माझंच वय लिहून बसलो.

ऑपरेशन दुसऱ्या ब्रदरने ड्रॉप टाकून झालं आणि छान झालं. आठव्या दिवशी आईला तपासणीला नेलं, तेव्हा आमचे ब्रदर कामावर परत आले होते. त्यांनी हात धुतले, पुन्हा धुतले, आणि आईचा हिरवा चष्मा अलगद उतरवला. आईला गेली कित्येक वर्षं माणसं नुसती पांढुरकी दिसायची. ती ब्रदरांच्या तोंडाकडे बघतच राहिली.

“अगंबाई, ब्रदर! केस किती पिकले हो तुमचे. अजून तुम्हाला पर्मनंट केलं नाही त्यांनी?”

“करतील की, काकू,” ब्रदर ड्रॉपची बाटली हलवत म्हणाले. “आज दुसरा दिवस हाय. तीनशे त्रेसष्टच राहिले. वर बघा.”