काटे छाटलेली फांदी

सकाळचे दहा वीस. उद्यान विभागाच्या तळमजल्यावर झाडं ओळखणाऱ्या बाई भिंगाखाली पान धरून बसल्या होत्या. लोक फांदी आणतात, बाई नाव सांगतात. एकवीस वर्षं हेच काम.

शिवणकाम करणारी एक मावशी आली आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली फांदी टेबलावर ठेवून म्हणाली, "हात सांभाळा."

जोडीजोडीने टोकदार काटे, मधे काळपट जांभळी फळं. करवंद.

"कुठली ही?"

"माझ्या कुंपणाची. तुम्ही विषारी ठरवलंत ते. बालवाडीकडची बाजू काल उपटली, उरलेली उद्या. चाळीस वर्षं खातोय आम्ही ती फळं. विष असतं तर माझी सासू नव्वदीला टेकली असती का? मी तरी सुटले असते."

बाई हसल्या नाहीत. गेल्या आठवड्यात याच कुंपणाची फांदी पाहून त्यांनी 'विषारी' लिहून सही केली होती. समोरासमोर पानं, पांढरा चीक, अशीच फळं. करवंदासारख्या दिसणाऱ्या एका विषारी झुडपालाही हे सगळं असतं, फक्त काटे नसतात. आणि त्या फांदीला काटे नव्हते.

ती फांदी आणणाऱ्या माळीदादांना त्यांनी बोलावून घेतलं.

"काटे होय? ते मी छाटूनच आणतो," ते म्हणाले. "मागे तुमचं बोट सुजलं होतं ना, तेव्हापासून. का, चुकलं काही?"

बोट सुजल्याला तीन वर्षं झाली होती. तीन वर्षांत टेबलावर एकही काटा आला नाही, हे बाईंच्या लक्षातच आलं नव्हतं. त्या काळातल्या सह्यांची वही कपाटात होती. तिच्याकडे बघायचं त्यांनी टाळलं.

"तुमचं नाही चुकलं," त्या म्हणाल्या.

काम थांबवण्याच्या कागदावर कारणाचा रकाना होता. "'नमुना सदोष' लिहा आणि मोकळ्या व्हा," पलीकडून कारकून म्हणाला. ते खोटंही नव्हतं. पण नमुना आणणाऱ्याचं नाव वरच छापलेलं होतं, आणि माळीदादांच्या निवृत्तीला सात महिने उरले होते.

बाईंनी लिहिलं: जागेवर न जाता ओळख दिली. चूक माझी.

मावशीने ते दोनदा वाचलं. "आणि उपटलं त्याचं काय?"

"नवीन लावून देऊ. दाट व्हायला बरीच वर्षं लागतील."

"हे सासूबाईंना तुम्हीच सांगा. त्यांना मी सांगितलेलं कधी पटत नाही."

उद्या साडेसातला विभागाची गाडी निघेल. उपटायच्या यादीतून ते कुंपण काढलं आहे. ड्रायव्हरशेजारी बाई बसतील, आणि गाडी आधी मावशीच्या दारात थांबेल.