बसलेली सून

नवरा हॉलंडमध्ये नोकरीला आणि मी आर्वीत त्याच्या आईवडिलांजवळ. तिकडे जायचं तर डच भाषेची परीक्षा पास होणं भाग होतं. एकदा नापास झाले होते. पुन्हा झाले असते तर आणखी किती दिवस इथंच, देव जाणे. म्हणून रोज दुपारी मोबाइलवर क्लास.

काम चालू आहे हे सांगताना डच माणूस पुष्कळदा तो बसलाय की उभा हेही सांगतो, असं क्लासच्या बाईंनी शिकवलं. बसून शिकतेय, ‘इक झिट ते लेरन’. उभ्यानं रांधतेय, ‘इक स्ता ते कोकन’. बसणारीही काम करत असते, हे त्या परक्या लोकांना कळतं! आमच्याकडे बसलेली सून म्हणजे रिकामी सून. जरा टेकले की पुढ्यात काहीतरी आलंच: लसूण, तांदूळ, हिवाळ्यात तुरीच्या शेंगा. शेवटी मी ओट्यापाशी उभ्यानं क्लास करू लागले. उभ्या सुनेला कोणी हटकत नाही. पाय भरून यायचे आणि डोकं फिरायचं.

परीक्षेच्या आधी बाईंनी तोंडी सराव घेतला, तेव्हा मात्र मुद्दाम बसले. “तू काय करते आहेस?” बाईंनी डचमध्ये विचारलं. मी तोंड उघडलं आणि सासूबाईंनी शेंगांची परात माझ्या मांडीवर ठेवली.

“बसूनच राह्यली तं सोलून घे.”

“आई, मी अभ्यास करून राह्यली!”

“मंग? हात तं रिकामेच आहेत.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. क्लास बंद करून नवऱ्याला फोन लावला.

“सोलून दे ना,” तो म्हणाला. “बसल्या बसल्या होते ते.”

“तुम्ही आता काय करून राह्यले?”

“काम करून राह्यलो. ऑफिसात आहे.”

“उभ्यानं?”

“उभ्यानं काऊन? खुर्ची आहे ना.”

मी फोन कापला. परात खाली आदळली आणि ओसरीत गेले. सासरे बाहेर गेले होते. त्यांच्या खुर्चीवर या घरातली कोणतीच बाई कधी बसली नव्हती, सासूबाईसुद्धा. मी बसले आणि क्लास पुन्हा जोडला.

“उठ वो, लोकं पाहून राह्यले!” सासूबाई दारातून ओरडल्या.

“पाहू द्या.”

बाईंनी प्रश्न पुन्हा विचारला. मी साऱ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं उत्तर दिलं, “इक झिट ते लेरन!”