वजूच्या पाण्यावरचे लिंब

बाग इतकी जुनी झाली, तरी लोकांच्या चटया अजून त्या कडेच्या कडुलिंबांखालीच पडतात. कारंजी बघून झाली की सगळे तिकडेच वळतात. मग कोणीतरी मला म्हणतं, सरकारनं काय छान झाडं लावलीत, आणि माझ्या डोक्यात तिडीक जाते.

साठचं दशक सरत आलं होतं. अबुधाबीत तेव्हा आम्हा कोकणातल्यांची चार घरं, आणि समोर नुसती रेती. त्या रेतीत मोठी बाग करायचं ठरलं. माझा नवरा रत्नागिरीकडे आंब्याची कलमं बांधायचा, म्हणून त्याला माळी म्हणून घेतलं. कडेची लिंबाची रांग त्यानं एकट्यानं लावली. उन्हाळ्यात पाणी कमी पडलं, तसा मुकादम येऊन म्हणाला, "ही रांग खलास. टँकरचं पाणी माणसांसाठी आहे, झाडांसाठी नाही. सुकली की उपटून टाका."

नवरा त्या दिवशी जेवला नाही. "जाऊ दे," म्हणाला, "नोकरी त्यांची, झाडंही त्यांचीच." मला भयंकर राग आला. हातानं रोप लावायचं आणि ते सुकताना मुकाट बघत बसायचं, हे मला जमणारं नव्हतं.

गावी माझी सासू नमाजाआधी वजू करायची ती माडाच्या आळ्याशी बसून, म्हणजे हातपाय धुतलेलं पाणी फुकट जात नाही. मी दुसऱ्याच दिवशी घरात घमेल्यात वजू करून ते पाणी लिंबाच्या आळ्यात नेऊन ओतलं. शेजारणींनाही कामाला लावलं. पुरुष तर लोटा घेऊन थेट रोपांशीच बसायला लागले, पाचही वेळा.

मुकादम तणतणत आला. "झाडांना पाणी घालायचं नाही म्हणून सांगितलं होतं ना?"

"कोण घालतंय?" मी म्हटलं. "माणसंच वापरतायत. हातपाय धुतलेलं पाणी कुठे सांडायचं, तेही तुम्हीच सांगणार का?"

नवऱ्याचा चेहरा पांढरा पडला. पण मुकादम स्वतः नमाजी होता. वजू करणाऱ्याला कसं अडवणार? निघून गेला. काही रोपं गेली, बाकीची तगली.

नवरा जाऊनही आता बरीच वर्षं झाली. बागेत गेले की मी अजून बाटलीतल्या पाण्यानं त्या पहिल्या लिंबाशीच वजू करते. नातू कानकोंडा होतो. "दादी, देअर इज अ वॉशरूम," म्हणतो. असू दे. एखादा रखवालदार हटकायला आलाच, तर या वेळी बहाणा करणार नाही. झाडालाच पाणी घालतेय, म्हणेन. माझ्या माणसानं लावलंय.