काटकर सर आणि मधला डबा

प्रा. निवृत्ती काटकर यांच्या अमृतमहोत्सवानिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी त्यांच्या विद्यार्थ्यांनी माझ्याकडे लेख मागितला, तेव्हा "सरांविषयी चार चांगले शब्द लिहा" असे सांगितले. चांगले शब्द मी लिहीनच. पण नोकरीची सारी वर्षे सरांच्या भिंतीपलीकडे उभे राहून जिने शिकवले, तिला थोडी तक्रार करण्याचाही हक्क असावा.

आमची पहिली ओळख तक्रारीतूनच झाली. विश्रामबागेतल्या आमच्या तंत्रनिकेतनात मी इंग्रजी शिकवायला नव्याने रुजू झाले होते. माझ्या वर्गाची भिंत ऑटोमोबाईलच्या वर्कशॉपला लागून होती. मी फळ्यावर वाक्य लिहावे आणि पलीकडे इंजिन सुरू व्हावे. मी पाचगणीच्या कॉन्व्हेंटमध्ये वाढलेली. तिथे कुजबुजले तरी सिस्टर बाकावर उभे करीत. थोडे दिवस सोसून शेवटी मी वर्कशॉपमध्ये गेले. काटकर सर एका इंजिनमागे उकिडवे बसून धुराच्या नळीपुढे तळहात धरून होते. मी माझे म्हणणे मुद्देसूद मांडले. सर मूळचे म्हसवडकडचे, बोलणेही अजून तिकडचेच. त्यांनी विचारले, "आवाज जाड येतोय का बारीक?"

"आवाज येतोय, सर."

"त्ये कळलं. जाड का बारीक?"

मला सांगता येईना. दुसऱ्या दिवशी सर पलीकडे इंजिन चालू ठेवून माझ्या वर्गात आले आणि डोळे मिटून शेवटच्या बाकावर बसले. मुले हसत होती, मी भूतकाळ शिकवत होते आणि सरांचे लक्ष फक्त भिंतीकडे होते. तास संपल्यावर म्हणाले, "घुमतंय. नुसत्या मफलरनं भागायचं न्हाई, मधी डबा पायजे." आठवडाभरात आवाज गेला. माझ्या शिकवण्याबद्दल मात्र त्यांनी आजतागायत एक अक्षर काढलेले नाही.

सायलेन्सरच्या मुख्य डब्याला मफलर आणि त्या मधल्या डब्याला रेझोनेटर म्हणतात, हे मला तेव्हा कळले. आमच्या शाळेत एक सिस्टर साऱ्या वर्गाला एकदम गप्प करीत, तो मफलर. दुसऱ्या एक होत्या, त्या काही न बोलता नेमक्या गुणगुणणाऱ्या मुलीच्या बाकापाशी येऊन उभ्या राहत; तो रेझोनेटर. एकच सूर हेरायचा आणि तेवढाच दाबायचा. हा दाखला मी सरांना एकदा सहज दिला. पुढे निवृत्त होईपर्यंत तो त्यांनी आपल्या वर्गात वापरला, माझे नाव न घेता.

सरांच्या घरी गेलेल्यांना ठाऊक आहे की इतरांच्या दिवाणखान्यात जिथे बाहुल्या आणि चषक असतात, तिथे काचेच्या कपाटात उभे चिरलेले सायलेन्सर मांडलेले आहेत. सुमनवहिनी दर दिवाळीला ते पुसतात. "माझी लग्नातली भांडी माळ्यावर हायती आन् ही भंगारं काचंत," असे त्या येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात. सर ऐकतात आणि पाहुण्यांना एकेक कप्पा दाखवू लागतात.

आवाजाच्या बाबतीत सर कोणाची भीड ठेवत नाहीत. त्यांचा पुतण्या सैन्यातून सुट्टीवर आला आणि लग्नाच्या वरातीसाठी त्याने गाडीचा सायलेन्सर काढून सरळ नळी बसवली. गाडीला ताकद आली म्हणून सगळ्या वस्तीला सांगत फिरला. सरांनी त्याला, मला आणि वहिनींना गाडीत घालून औंधला यमाईच्या दर्शनाला नेले. चढावर गाडी डरकाळ्या फोडीत होती आणि चालत मात्र नव्हती. पुतण्या गिअर उतरवत गेला. सर मागून म्हणाले, "कोंबडं लय आरडतंय म्हणून त्याला नांगराला जुपतोस व्हय रं?" मग देवीचे दर्शन राहिले बाजूला आणि डोंगराच्या निम्म्यात, उन्हात उभे करून त्यांनी आम्हाला शिकवले. इंजिनातून धूर सलग येत नाही, एकेक धक्क्याने येतो. पुढचा धक्का बाहेर पडताना मागच्याला ओढून घेतो. नळीची लांबी-रुंदी बिघडली की ती ओढ जाते आणि कमी वेगात गाडी दम टाकते. उलट नळी फार आवळली तर गाडी गुदमरते. हे सगळे खरे असेल, पण वहिनींचा उपवास होता.

माझे यजमान गेले तेव्हा सर आणि वहिनी दर रविवारी येत. वहिनी माझ्याजवळ बसत. सरांना सांत्वन कसे करतात हे माहीत नव्हते. ते पोर्चमध्ये जाऊन यांची जुनी पेट्रोल गाडी सुरू करीत आणि थोडा वेळ चालू ठेवीत. मला फार राग येई. एकदा मी बाहेर जाऊन विचारले, "सर, हे कशासाठी?" ते म्हणाले, "बॅटरी उतरंल, बाई. तुमास्नी लागणार हाय ही गाडी." खरोखरच लागली. मी ती पुन्हा चालवू लागले ती त्यामुळेच. माझी थोरली बहीण वाईला एकटी असते. तिच्याकडे मी माझ्या मनाने, माझ्या वेळेला जाऊ शकते, हे या वयात किती मोठे सुख आहे ते इथे लिहून पटणार नाही.

दोन वर्षांपूर्वी ते सुख जायची वेळ आली. वाईहून परतताना साताऱ्याच्या अलीकडे गंजलेला सायलेन्सर तुटून पडला. रस्त्यावरच्या एका गॅरेजवाल्याने नवा बसवून दिला आणि "मधला डबा काही लागत नाही" म्हणून काढून टाकला. तिथून पुढे हायवेच्या वेगाला गाडीत असा घुमारा भरे की कराड येईतो डोके ठणकू लागे. हे मी मुलाला, निखिलला, फोनवर सांगितले. तो पुण्याहून म्हणाला, "आई, आता विकूनच टाक. मी गिऱ्हाईक घेऊन येतो." गिऱ्हाईक रविवारी येणार असे ठरलेसुद्धा.

सरांनी घुमारा काढायला गाडी नेली. सोमवारी देतो म्हणाले, बुधवार उजाडला. मी फोन करी आणि पलीकडून एकच प्रश्न येई, "आदीचा आवाज कसा हुता?"

"बरा होता."

"बरा म्हंजी? आवं, जन्मभर पोरास्नी विशेषणं शिकवली न्हवं तुमी?"

शुक्रवारी सर गाडी घेऊन आले. मी चालवायला बसले, वहिनी शेजारी, सर मागे. हायवेला घुमारा नव्हता. घुमारा सोडाच, काहीच ऐकू येत नव्हते. उसाचे ट्रॅक्टर जवळून गेले तेवढाच आवाज. सर खुशीत होते. मी "छान झालंय" म्हटले. वहिनी माझ्याकडे बघून मागे वळल्या, "बाईंना आवडल्यालं न्हाई."

"न आवडाया काय झालं?"

मग मला सांगावे लागले. माझे यजमान संध्याकाळी ही गाडी घेऊन गल्लीच्या कोपऱ्यावर वळले की मला स्वयंपाकघरात कळायचे. गाडी पोर्चमध्ये येईतो माझे चहाचे आधण ठेवून व्हायचे. ही गाडी दाराशी आली तरी मला कळणार नाही. अशी असेल तर गेली काय, राहिली काय.

सर चिडले. "त्ये सोमवारी सांगायचं का न्हाई? मी आपला समदा आवाज मारत बसलो. हायवेचा घुमारा जायाचा हाय आन् कोपऱ्यावरचा ऱ्हायाचा हाय, ह्ये मला कसं कळावं? मी काय तुमच्या सैपाकघरात हुतो?"

रविवारी निखिल गिऱ्हाईक घेऊन आला तेव्हा गाडी पोर्चमध्ये नव्हती. मफलरमधली आवाज शोषणारी काचलोकर थोडी काढून, मधला डबा तसाच ठेवून सर कोपऱ्यावरून घरापर्यंत चकरा मारीत होते. मी आत, वहिनी फाटकात. मी खिडकीतून नाही म्हणे, वहिनी रस्त्यावर सांगत, "न्हाई म्हंत्यात." सर गाडी जवळच्याच आपल्या दुरुस्तीच्या शेडकडे नेत, काहीतरी करून परत येत. गिऱ्हाईक घड्याळ बघत होते. निखिल मला समजावत होता की बँकेत पैसे टाकता येतील, हवी तेव्हा टॅक्सी बोलावता येईल. मी त्याला उत्तर देता देता आधण ठेवले.

ठेवले आणि मग कळले की का ठेवले. निखिलही बोलायचा थांबला होता. तो लहानपणी वडिलांची वाट बघत ज्या बाजूला तोंड करून उभा राहायचा, त्याच बाजूला बघत होता. गाडी पोर्चमध्ये शिरली. निखिल बाहेर गेला आणि त्याने गिऱ्हाइकाची माफी मागितली. चहा मात्र त्यांनाही दिला.

चहा पिताना मी सरांना विचारले, "हे किती टिकेल?"

"पाच-सा वर्सं. साधा पत्रा हाय, गंजणार. गंज न लागणारं स्टील घातलं असतं तर लय टिकलं असतं, पर त्येचा आवाज टणक येतो. तुमी पुन्ना न्हाईच म्हणाला असता."

"मग गंजल्यावर?"

"मग परत करायचं."

"कोण करणार?"

सरांनी बशी खाली ठेवली. इतकी वर्षे शेजारी शिकवूनही मी काही शिकले नाही, अशा नजरेने त्यांनी माझ्याकडे पाहिले. "म्हंजी काय? मीच की."

हे सरांनी सर्वांसमक्ष दिलेले वचन आहे आणि ते मी या ग्रंथात नोंदवून ठेवत आहे. तसा आवाज दुसऱ्या कोणाला जमणार नाही आणि मला पुन्हा कोणाला समजावून सांगण्याचा धीर नाही. तेव्हा म्हसवडच्या सिद्धनाथाने सरांचे कान, गुडघे आणि तिरसटपणा शाबूत ठेवावा. तो पत्रा जितक्या वेळा गंजेल तितक्या वेळा सरांनी माझी गाडी सोमवारी देतो म्हणून न्यावी आणि मला आठवडाभर ताटकळत ठेवावे.