मांजरा, कृष्णा आणि माझं 'हाव'

शैला टीव्हीवर निवडली गेल्याचा फोन आला तेव्हा मी स्टुलावर चढून कूलरमध्ये पाणी भरत होतो. दिवस अगदी साधा. शैला, म्हणजे माझी बायको, खाली वाळल्या मिरच्यांचे देठ मोडत बसलेली. फोन ठेवून ती म्हणाली, "अहो, मुंबईला बोलावून राहिले! त्या प्रश्नांच्या कार्यक्रमात!"

माझ्या हातातला पाइप सुटला तो थेट मिरच्यांवर. पण थांबा, फजिती ही नव्हे. फजिती पुढं आहे!

आधी शैला काय चीज होती ते ऐका. आमच्या लातूरच्या घरात रोज संध्याकाळी तो कार्यक्रम लागायचा. समोर मी आणि माझे वडील, आप्पा. शैला आत पोळ्या लाटायची आणि तिथूनच उत्तरं फेकायची. निवेदकाचे पर्याय वाचून होईतोवर हिचं बरोबर उत्तर तव्यावरून उतरलेलं! मी भूगोलाचा मास्तर. नद्या-डोंगर आले की तेवढा खाकरायचो. पण तेवढ्यावर तिचा केवढा विश्वास! फोनवरून मदत घ्यायला तिनं माझंच नाव दिलं.

जाताना बजावलं, "फोन आला की जेवलीस का विचारत बसू नका. वेळ लई थोडा असतो. नुसतं उत्तर सांगा."

"हाव," मी म्हणालो.

हाव म्हणजे हो. पुण्या-मुंबईकडच्यांसाठी सांगितलं.

शूटिंगच्या दिवशी मी इस्त्रीचा शर्ट घालून फोनसमोर बसलो. फोनवर शर्ट कुणाला दिसणार? पण बसलो! आणि वाजला की हो फोन!

"अहो, मांजरा नदी कोणत्या नदीला मिळते?"

मला हसूच आलं. जिच्या पाण्यावर लातूर जगतं ती मांजरा! 'गोदावरी' अगदी ओठांवर आलं होतं.

तेवढ्यात शैलाच म्हणाली, "खाली कर्नाटकात उतरते ना ती? मग कृष्णा का?"

नेमके तेव्हाच आप्पा स्वयंपाकघरातून ओरडले, "चहा ठेवू का रे?" आप्पांना ऐकू कमी येतं. उत्तर मिळेपर्यंत ते ओरडत राहतात. त्यांना गप्प करायला मी जोरात म्हणालो, "हाव!"

"नक्की?" शैला.

"चहा ठेवू का?" आप्पा.

"हाव म्हणलं ना! ठेवा!"

फोन बंद. मला वाटलं, लाइन तुटली. चुटपुटत चहा प्यालो. परत आल्यावर शैला निकालाचं काही बोलेना. टीव्हीवर दाखवायच्या आधी सांगायची बंदी होती म्हणे.

भाग लागला त्या संध्याकाळी निम्मी गल्ली आमच्या बैठकीत. टीव्हीत शैला अशी बसली होती, जणू उदगीरला माहेरच्या ओसरीवर बसलीय! ना घाम, ना गडबड. मी नुसता बघत राहिलो. आणि मग टीव्हीतून माझा आवाज आला, "हाव!"

निवेदक बुचकळ्यात. "हाव? कसली हाव?"

शैलानं मान ताठ केली. "हाव म्हणजे हो, सर. आमच्याकडं असंच बोलतात. भूगोल शिकवतात ते. कृष्णा ठेवा."

आप्पांचा आवाज त्यात औषधालासुद्धा नव्हता!

उत्तर चुकलं, खेळ संपला. बैठकीतली सगळी डोकी माझ्याकडं वळली. शेजारचे बिराजदार म्हणाले, "गुरुजी, लेकरांना हेच शिकवून राहिले का?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात शैला कडाडली, "यांचं चुकत न्हाई! नदीच वळली असल मधी कुठंतरी!"

घर हसून लोळलं. आप्पाही हसले. त्यांना काहीच ऐकू आलं नव्हतं, तरी! आता सांगा, बायको चारचौघांत अशी पाठीशी उभी राहिल्यावर चहाचं नाव काढायला कुणाची जीभ वळेल?

गंमत म्हणजे मांजरा खरंच वळते. कर्नाटकातून तेलंगणात जाते, तिथून उत्तरेला फिरते आणि नांदेडच्या हद्दीशी गोदावरीला मिळते. माझी बाजू घ्यायला ठोकून दिलेल्या वाक्यातसुद्धा बाई भूगोलात पास!

पुढंही कुणी विषय काढला की ती तेच सांगायची, तितक्याच ठामपणे. मी शेजारी बसून मान हलवायचो. विद्वानासारखी!

गेल्या वर्षी शैला गेली. ते हाव चहाला होतं, हे तिला सांगायचं राहूनच गेलं.